पिसदुऱ्याचे दगड आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय: आपल्या पाळकांना एक खुले पत्र

प्रति,
वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरच्या मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंच आणि संडे स्कूलचे शिक्षक यांस,

प्रभूच्या नावाने सलाम.

मी वणी-वरोरा पट्ट्यातल्या एका गावच्या हायस्कुलात एकोणीस वर्षे विज्ञान शिकवते. तुमच्यापैकी पुष्कळ जण मला ओळखता. नसाल तर माझ्या आजीला ओळखत असाल. ती बायबलबाई होती. बंडी मिळाली तर बंडीत, नाही तर पायी, पांदणीचा चिखल तुडवत ती बायबल वाचून दाखवायला गावोगाव जायची. अक्षरे ती शिकलीच पवित्र शास्त्र वाचता यावे म्हणून. या पत्रातला एकही शब्द तिच्या विश्वासाविरुद्ध लिहिलेला नाही, हे आधी सांगते.

सहामाहीचे पेपर तपासत होते. दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. त्यावर पाच गुणांचा प्रश्न होता. आपल्याच मंडळीतल्या एका मुलीने तो कोरा सोडला. वेळ कमी पडला म्हणावे तर पुढचे सगळे प्रश्न तिने नीट, आकृत्यांसकट सोडवले होते. दुसऱ्या दिवशी तिला वर्गाबाहेर बोलावले. आधी ती बोलेचना. मग खाली पाहत म्हणाली, “मॅडम, ते लिहिलं तं पाप लागते ना? सभेत हात वर केला होता मी.”

ती सभा मला आठवते, कारण मागच्या ओळीत मीही होते. बाहेरगावाहून आलेल्या संदेशकाने सांगितले की पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, आणि शाळेत जो कोणी याहून वेगळे शिकवतो तो सैतानाच्या बाजूचा आहे. ‘आम्ही तो धडा मानणार नाही’ असे म्हणत मुलांनी हात वर करावेत, असेही त्यांनी सांगितले. तीसेक हात वर गेले. मी काही बोलले नाही. घरी आले, स्वयंपाक केला, झोपले. त्या मुलीची कोरी जागा पाहिली तेव्हा वाटले, तिथे माझीही चूक आहे. ते संदेशक कोण आणि सभा कोणत्या मंडळीने भरवली, हे मी लिहीत नाही. मला कोणा एका माणसाशी भांडायचे नाही. पण तुम्ही सगळे त्या वेळी मंचावर किंवा मंडपात होता, म्हणून तुम्हालाच लिहिते.

आपल्या भाषेत एक गोष्ट फार सुंदर आहे. आजी ‘शास्त्र आण गं’ म्हणायची तेव्हा मी फडक्यात गुंडाळलेले बायबल आणून द्यायची. शाळेत गुरुजी ‘शास्त्राची वही काढा’ म्हणायचे तेव्हा मी विज्ञानाची वही काढायची. दोन्ही शास्त्रेच. लहानपणी मला या दोन शब्दांत कधी अडचण आली नाही. आज त्या मुलीला ती येते, आणि ती तिच्या मनातून आलेली नाही.

माझी मुलगी पोटात होती तेव्हाची गोष्ट सांगते. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. पडद्यावर पाठीचा कणा दिसला, मण्यांच्या माळेसारखा. हृदय धडधडताना दिसले. त्याच आठवड्यात आपले पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले आणि त्यांनी 139 वे स्तोत्र वाचले: आईच्या उदरात तूच माझी घडण केलीस. मी रडले. एका पेशीच्या दोन कशा होतात, दोनाच्या चार कशा होतात, कोणत्या आठवड्यात हातांना बोटे फुटतात, हे मी दर वर्षी शिकवते. तरी ते स्तोत्र ऐकताना ‘हे खोटे आहे, हे तर पेशीविभाजनाने झाले’ असे माझ्या मनात आले नाही. पाळकसाहेबांच्याही मनात ‘हिने सोनोग्राफी केली म्हणजे हिचा देवावर विश्वास नाही’ असे आले नसणार. बाळ नऊ महिन्यांत, पायरीपायरीने, निसर्गाच्या नियमांनी घडते आणि तरी ते देवाने घडवलेले असते, हे आपण सगळे मानतो. पुनरुत्पादनाच्या धड्यावर कोणत्याही सभेत कोणी हात वर करायला लावत नाही. मग एका बाळाच्या बाबतीत जे चालते, ते सगळ्या जीवसृष्टीच्या बाबतीत का चालू नये? नऊ महिने देवाला शोभतात आणि कोट्यवधी वर्षे शोभत नाहीत, असे कुठे लिहिले आहे?

सहा हजार हा आकडा तर पवित्र शास्त्रात कुठेच लिहिलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळ्यांतली वर्षे जोडत जाऊन 1650 साली हिशेब छापला आणि सृष्टीची सुरुवात ख्रिस्तपूर्व 4004 मध्ये धरली. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात तो आकडा छापला गेला आणि लोक त्याला वचनच समजू लागले. अशर मोठे विद्वान होते, त्यांच्या काळात जेवढी साधने होती तेवढ्यांवर त्यांनी प्रामाणिकपणे काम केले. पण समासातली टीप म्हणजे वचन नव्हे.

आता आपल्याच भागातल्या एका माणसाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण संडे स्कुलात त्यांचे नाव मी कधी ऐकले नाही. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. जन्म 1817, स्कॉटलंडचा. 1845 साली ते नागपूरला आले, शाळा काढली. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आजही आहे आणि आपल्यातली कितीतरी मुले तिथे शिकली. सुवार्तेच्या कामासाठी हा माणूस आपल्या मुलुखात हिंडला, आणि हिंडताना पायाखालचे दगडही वाचत गेला. नागपूरजवळच्या टाकळीच्या माळावर त्यांना गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म सापडले, म्हणजे लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये कधी काळी तळे होते. कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळाले. मांगलीच्या दगडातून आलेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. आपले सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांच्यासोबत हिस्लॉपांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध 1855 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. दोन पाद्री, आणि विषय विदर्भातले जीवाश्म! डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ यायला तेव्हा अजून चार वर्षे होती. गोंड लोकांची, त्यांच्या पुराणपुरुष लिंगोची गाणी लिहून घेणारेही हेच हिस्लॉप. त्यांचे ते कागद त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

तो मृत्यू आपल्या गावकऱ्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 4 सप्टेंबर 1863. बोरीजवळच्या टाकळघाटला पुराणकाळच्या दफनांची दगडी वर्तुळे आहेत, ती पाहायला ते गेले होते. सोबतचे लोक पुढे निघाले, हे गावातली शाळा तपासायला मागे थांबले. संध्याकाळी घोड्यावरून परतताना पावसाने नाला भरलेला. घोडा एकटाच तळावर पोहोचला. माणसाचे शरीर नंतर सापडले. आधी दगड पाहिले, मग शाळा पाहिली. त्यांच्या एका दिवसात दोन्ही बसत होते. आपल्या मुलांच्या एका डोक्यात ते बसणार नाही, असे आपण का ठरवतो?

हिस्लॉपांच्या लिखाणात पिसदुराही येते. वरोऱ्याजवळचे हे गाव. तिथल्या वावरांत टायटॅनोसॉर जातीच्या प्रचंड डायनोसॉरांची हाडे सापडली आहेत आणि त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही. शेणाचे दगड म्हटल्यावर वर्गात पोट्टे हसतात, मी हसू देते. मग सांगते की 2005 साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोळ्यांत गवताच्या पानांमधले सिलिकाचे सूक्ष्म कण ओळखले. त्यातले काही तर भाताच्या कुळाच्या जवळचे. तोपर्यंत जगभर समज असा होता की डायनोसॉरांच्या काळात असे गवत नव्हतेच. तो समज आपल्या पिसदुऱ्याच्या शेणाने बदलला. ते पहिल्यांदा वाचले त्या रात्री मी बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडला. तिसावे वचन: पृथ्वीवरच्या सगळ्या पशूंना देवाने हिरवी वनस्पती अन्न म्हणून दिली. मी हात जोडले. यात मी काय पाप केले, पाळकसाहेब?

मुले विचारतात, वर्षे मोजली कोणी? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर अवघड नाही. पिसदुऱ्याच्या थरानंतर आपल्याकडे लाव्हाचे लोट पसरले. त्याचा झाला काळा पाषाण आणि त्या पाषाणाची झिजून झाली आपली कपाशीची काळी माती. लाव्हात पोटॅशियम असते. त्याचा एक किरणोत्सारी प्रकार ठरलेल्या गतीने मोडत जातो आणि त्यातल्या काही भागाचा आर्गॉन वायू बनतो. निम्मा मोडायला सुमारे 125 कोटी वर्षे लागतात. दगड वितळलेला असतो तोवर आर्गॉन निसटून जातो. दगड थिजला की आत अडकायला लागतो. मग किती पोटॅशियम उरले आणि किती आर्गॉन साचला, हे मोजले की दगडाचे वय कळते. आपला काळा पाषाण निघतो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा. आपल्यातल्या अर्ध्या मुलांचे वडील ज्या खाणींत उतरतात, तिथला कोळसा तर याहून कितीतरी जुना, 25 कोटी वर्षांच्याही मागचा. हे खोटे मानायचे तर देवानेच दगडांत खोटा हिशेब लिहून ठेवला, असे म्हणावे लागेल. माझा देव असा नाही.

मग उत्पत्तीत देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो, त्याचे काय? काही सुशिक्षित बंधू म्हणतात, एक दिवस म्हणजे एक युग धरा, सगळे जुळते. मीही काही वर्षे हेच सांगायची. ते जुळत नाही. उत्पत्तीत फळझाडे तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. मासे आणि पक्षी पाचव्या दिवशी, जमिनीवरचे प्राणी सहाव्या. दगडांतला क्रम वेगळा आहे: मासे आधी, मग जमिनीवरचे प्राणी, पक्षी त्यांच्यानंतर, आणि फळे देणारी झाडे मासे आल्यावर कितीतरी कोटी वर्षांनी. ओढूनताणून जुळवायला गेले की दोन्हींचा अपमान होतो. आणि दुसऱ्या अध्यायात तर माणूस आधी आणि बाग नंतर. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी ठेवले त्यांना हा फरक दिसला नसेल का? त्यांनी तो पुसला नाही, कारण ते वेळापत्रक लिहीत नव्हते.

तुमच्यातले जे ज्येष्ठ पाळक यवतमाळची सेमिनरी 1983 साली पुण्याला जाण्याआधी तिथे शिकले, त्यांना उत्पत्तीची मूळ भाषा, इब्री, माझ्यापेक्षा चांगली कळते. तुम्हीच आम्हाला सांगितले होते की पहिले तीन दिवस जागा तयार होतात आणि पुढचे तीन दिवस त्या जागा भरतात. उजेड आणि अंधार, मग सूर्य-चंद्र. आकाश आणि पाणी, मग पक्षी आणि मासे. जमीन, मग पशू आणि माणूस. भोवतालची राष्ट्रे सूर्य-चंद्राला देव मानत होती, आणि इथे त्यांची नावेसुद्धा घेतलेली नाहीत. नुसती मोठी ज्योती आणि लहान ज्योती. ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ हे पालुपद जात्यावरच्या ओवीसारखे फिरून फिरून येते. हे तुमच्याच तोंडून ऐकून मी ख्रिस्ती राहिले. मग मुलांना हे का सांगत नाही?

हे मतही आजचे नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने उत्पत्तीवर लिहिताना ताकीद दिली होती: पृथ्वी, आकाश, तारे, प्राणी यांविषयी जे अविश्वासी माणसालाही अनुभवाने कळते, त्याबद्दल ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने चुकीचे बोलला, तर लोक पुनरुत्थानाच्या गोष्टीवर तरी विश्वास का ठेवतील? रोमच्या पोपनी 1996 साली उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही असे मान्य केले. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स उघडपणे ख्रिस्ती आहेत. अशी नावे आणखी देता येतील, पण नावांनी कोणाचे समाधान होत नाही.

खरी अडचण कुठे आहे ते मला ठाऊक आहे. पौलाच्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय. एका माणसाकडून पाप आले आणि पापाकडून मरण. डायनोसॉर माणसाच्या आधी मेले असतील तर पापाआधी मरण होते, आणि मग ख्रिस्ताचे मरण कशासाठी? हा प्रश्न मला एका निवृत्त पाळकसाहेबांनी फार कळवळून विचारला होता आणि त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आता जेवढे कळते तेवढे लिहिते. स्तोत्र 104 मध्ये सिंहाचे छावे रात्री भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि देवाजवळ आपले अन्न मागतात. स्तोत्रकर्ता त्याला शाप म्हणत नाही, त्यासाठी देवाची स्तुती करतो. ताडोबाचा वाघ चितळ धरतो ते पाप करत नाही. पौल ज्या मरणाविषयी तळमळून लिहितो ते माणसाचे मरण आहे, देवापासून तुटण्याचे. आदाम या इब्री शब्दाचा अर्थच माणूस, आणि तो ‘अदामा’ म्हणजे मातीशी जोडलेला. आजच्या माणसांच्या जनुकांतली विविधता पाहिली तर आपले पूर्वज कधी काळी फक्त दोघेच होते असे दिसत नाही, काही हजारांचा समूह दिसतो. त्या समूहातून देवाने एका जोडप्याला हाक मारली असे काही ख्रिस्ती अभ्यासक मानतात. आदाम म्हणजे आपण प्रत्येक जण, असे काही मानतात. माझे मन या दुसऱ्या मताकडे झुकते. पण पाप खरे आहे, याबद्दल मला शंका नाही. त्यासाठी मला जीवाश्म लागत नाही. त्या सभेतले माझे गप्प बसणे पुरते.

विज्ञानाच्या बाजूनेही प्रामाणिक राहायला हवे. उत्क्रांती सांगते ती जीव आल्यानंतरची गोष्ट. पहिला जीव कसा आला, हे विज्ञानाला अजून पूर्ण उलगडलेले नाही. पृथ्वी सुमारे 454 कोटी वर्षांची, आणि सूक्ष्मजीवांच्या जुन्या खुणा ऑस्ट्रेलियाच्या दगडांत सुमारे 350 कोटी वर्षांपूर्वीच्या. मधल्या काळात काय झाले? 1953 साली स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या भांड्यात घेऊन त्यात ठिणग्या पाडल्या, आणि प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले तयार झाली. 1969 साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही अमिनो आम्ले मिळाली. पण अमिनो आम्लापासून जिवंत पेशीपर्यंतची वाट लांब आहे. आपले काही पाळक नेमके इथे बोट ठेवतात: बघा, इथे देव लागतो! माझी कळकळीची विनंती आहे, देवाला त्या फटीत बसवू नका. उद्या कोणी प्रयोगशाळेत ती फट भरली तर त्या मुलीच्या देवाने कुठे जायचे? विश्वाचा प्रारंभ एका आदिअणूपासून झाला, ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होते. 1951 साली पोपनी त्यांच्या सिद्धांताचा उत्पत्तीशी मेळ घालून भाषण केले, तेव्हा आनंद होण्याऐवजी लमेत्र अस्वस्थ झाले. सिद्धांत उद्या बदलू शकतो, विश्वास त्यावर टांगू नये, असे त्यांना वाटत होते.

उलट बाजूने कोणी म्हणाले की उत्क्रांती सिद्ध झाली म्हणजे देव नाही, तर त्यालाही मी वर्गात थांबवते. पोटॅशियम-आर्गॉनची पद्धत दगडाचे वय सांगते. हा दगड आहेच का, आणि त्याकडे पाहून माझा गळा का दाटतो, हे ती सांगत नाही.

आता माझे मागणे. मुलांकडून शाळेच्या धड्याविरुद्ध शपथा घेऊ नका. सहा हजार वर्षे मानणे ही बाप्तिस्म्याची किंवा प्रभूभोजनाची अट करू नका. तोंडी कोणी तशी केली असेल तर ती मागे घ्या. ज्यांना सहा दिवस अक्षरशः सहा दिवस वाटतात ते माझे भाऊबहीण आहेत, त्यांच्यासोबत मी त्याच बाकावर बसते आणि बसेन. पण पुढच्या सभेला कोणाला बोलवायचे ते ठरवताना एकदा आम्हा शिक्षकांना विचारा. आणि त्या मुलीशी तुमच्यापैकी कोणीतरी बोला. मी बोलले तर ती ऐकते, पण मी विज्ञानाची मॅडम आहे. ‘लिही बेटा, पाप नाही लागत’ हे तिला पाळकाच्या तोंडून ऐकायचे आहे.

दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या गर्दीतून एखादा रविवार काढू. सकाळची उपासना आटोपून संडे स्कूलची मुले घेऊन पिसदुऱ्याला जाऊ. शेताच्या मालकांची परवानगी मी काढते, गाडीचे भाडेही माझ्याकडे. डबे घरून आणायचे. तिथले काहीही उचलून आणायचे नाही, फक्त पाहायचे, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे. धुऱ्यावर बसून 104 वे स्तोत्र तुमच्यापैकी कोणीतरी वाचावे, पूर्ण पस्तीस वचने. रविवार कोणता ते कळवा.

प्रभूमध्ये तुमची बहीण,
विज्ञानाची एक शिक्षिका